सिमला ऑफिसातल्या अ‍ॅना मणी

शिवाजीनगरच्या बाजूने बसने शाळेत येणारे आम्ही सहा-सात जण होतो. रोज सकाळी बस सिमला ऑफिसच्या स्टॉपवर थांबायची. ती जुनी दगडी इमारत पाहून सिमल्याची सफरचंदं आधी इथे उतरवतात आणि मग मंडईत नेतात, अशी थाप आपल्यातल्याच एकाने मारली होती. मी ती सहावीपर्यंत खरी मानली. (तो कोण ते इथे लिहीत नाही, पण त्याने गेट-टुगेदरला सफरचंदं आणावीत.) हवामान खात्याचं कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं आणि इमारतीला तेच नाव चिकटलं, हे पुढे भूगोलाच्या बाईंनी सांगितलं.

स्मरणिकेसाठी 'मला घडवणारी व्यक्ती' या विषयावर लिहायचं ठरलं, तेव्हा ग्रुपवर आई-वडील, सर, बाई अशी नावं भराभर आली. मी निवडलेल्या बाईंना मी कधी भेटले नाही. आपण १९९६ साली दहावीला बसलो तेव्हा त्या हयात होत्या, आणि ज्या इमारतीपुढून आपली बस जायची त्या खात्यात त्यांनी वीसेक वर्षं पुण्यात काम केलं होतं. त्यांचं नाव मला कळलं ते मात्र पस्तिशी उलटल्यावर, आणि माझ्याच एका चुकीमुळे.

अ‍ॅना मणी यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ चा, त्रावणकोर संस्थानातल्या पीरमेडचा. वडील स्थापत्य अभियंता, घरच्या वेलदोड्यांच्या बागा, आठ भावंडांत ही सातवी. घराची रीत अशी की मुलग्यांनी शिकून मोठ्या हुद्द्यावर जायचं आणि मुलींनी लग्न करून सासरी. आठव्या वाढदिवसाला मुलीला हिऱ्याच्या कुड्या द्यायची पद्धत होती. अ‍ॅनाने त्या नाकारल्या आणि एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचा संच मागितला. आठ वर्षांची मुलगी! त्या वयात मी वाढदिवसाला काय मागितलं होतं ते आठवून पाहिलं आणि नाद सोडून दिला. वैकोमच्या सत्याग्रहाच्या वेळी, १९२५ मध्ये, गांधीजी त्या भागात आले. त्याचा ठसा असा उमटला की पुढे अ‍ॅनाने खादी धरली ती जन्मभर.

मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९३९ मध्ये त्या पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. ऑनर्स झाल्या. पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती मिळाली आणि बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांना जागा मिळाली. रामन यांना हिऱ्यांचं वेड होतं. कुड्या नाकारलेल्या मुलीच्या वाट्याला अशा रीतीने तीसेक हिरे आले, पण प्रयोगासाठी. हिऱ्यावर प्रकाश टाकला की तो स्वतः मंद उजळतो. त्या उजेडाचा वर्णपट फोटोच्या काचेवर उमटवायला पंधरा-वीस तास लागत. मध्येच उठून गेलं तर सगळं पहिल्यापासून, म्हणून त्या रात्र रात्र प्रयोगशाळेत काढत. शिवाय मुलामुलींनी मिसळलेलं रामन यांना खपत नसे. बरोबरीचे विद्यार्थी चहा घेता घेता ज्या चर्चा करत, त्यांत या बाईंना जागा नव्हती.

एवढं करून त्यांनी एकटीच्या नावावर पाच शोधनिबंध प्रसिद्ध केले आणि ऑगस्ट १९४५ मध्ये पीएच.डी.चा प्रबंध मद्रास विद्यापीठाला सादर केला. विद्यापीठाने पदवी दिली नाही. कारण? त्यांच्याकडे एम.एस्सी. नव्हती. रामन यांच्या हाताखालचं पाच वर्षांचं संशोधन एका पारड्यात आणि नसलेला एक कागद दुसऱ्यात, आणि कागदाचं पारडं जड झालं. तो प्रबंध आजही बंगळुरूच्या रामन इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात आहे. अ‍ॅना मणी शेवटपर्यंत डॉक्टर झाल्या नाहीत. मला याचा त्यांच्यापेक्षा जास्त राग येतो असं दिसतं, कारण त्यांनी या गोष्टीचं कधी भांडवल केलं नाही. बाई म्हणून आपल्याला काही सोसावं लागलं हेही त्या मान्य करत नसत. इथे मला त्यांचं पटत नाही. सोसलेलं होतंच, त्यांनी फक्त ते मोजलं नाही.

त्याच वर्षी सरकारी शिष्यवृत्तीवर त्या सैनिकांच्या जहाजातून इंग्लंडला गेल्या. शिकायचं होतं पदार्थविज्ञान, पण शिल्लक जागा होती ती हवामानाच्या उपकरणांची. त्यांनी ती घेतली. मी कॉम्प्युटरला कशी आले हे माझ्या बाकावरच्या मैत्रिणींना माहीत आहे, त्यामुळे हा भाग मला फार जवळचा वाटतो.

१९४८ मध्ये त्या परतल्या तेव्हा देश स्वतंत्र झाला होता आणि हवामानाची साधीसुधी उपकरणंही बरीचशी बाहेरून येत होती. पुण्याच्या उपकरण विभागात एस. पी. वेंकटेश्वरन यांनी ती इथेच बनवण्याचा ध्यास घेतला होता. अ‍ॅना मणी त्यांच्या हाताखाली रुजू झाल्या आणि १९५३ मध्ये विभागाच्या प्रमुख झाल्या. हाताखाली १२१ पुरुष. सुमारे शंभर उपकरणांची ड्रॉइंग्ज त्यांनी प्रमाणित करून घेतली, म्हणजे लेथवर कोणीही बसला तरी पर्जन्यमापक तसाच आणि तेवढाच व्हावा.

मग १९५७-५८ चं आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष आलं, आणि त्या निमित्ताने त्यांनी देशभर सौर प्रारण, म्हणजे सोलर रेडिएशन, मोजणारी केंद्रं उभी केली. हे माझ्या पोटापाण्याचं क्षेत्र आहे, म्हणून जरा थांबते. पायरॅनोमीटर नावाचं उपकरण असतं. काचेच्या घुमटाखाली एक काळा पृष्ठभाग, तो उन्हाने तापतो, आणि तापण्यातल्या फरकातून किंचित वीज निर्माण होते. तिच्यावरून ऊन किती ते काढायचं. नुसतं एकूण ऊन मोजून भागत नाही. सूर्याकडून थेट येणारं वेगळं आणि ढगांवरून, धुळीवरून विखरून येणारं वेगळं. आषाढात आभाळ भरून आलं की थेट ऊन जवळजवळ शून्यावर येतं, तरी दिवस उजेडी असतो, तो या विखुरलेल्या उजेडामुळे. पेरणीपासून पावसाच्या अंदाजापर्यंत हा हिशेब लागतो. विजेची ती सूक्ष्म मात्रा चुकली की पुढचं सगळं चुकलं, म्हणून प्रत्येक उपकरण प्रमाण उपकरणाशी पुन्हा पुन्हा ताडून पाहावं लागतं. चुकीचं मोजण्यापेक्षा मुळीच न मोजलेलं बरं, अशी त्यांची शिस्त होती.

आता माझी चूक. मी ज्या प्रणालीवर काम करते ती सौरऊर्जा प्रकल्पांचा डेटा गोळा करते. आठ-नऊ वर्षांपूर्वी मी लिहिलेल्या कोडमध्ये सेन्सरचं वाचन काही वेळ आलं नाही, तर आधीच्या आणि नंतरच्या वाचनांवरून मधले आकडे भरले जात. ग्राफ छान अखंड दिसे. आकडा भरलेला आहे, मोजलेला नाही, अशी खूण मात्र मी कुठेच ठेवली नव्हती. एका पावसाळ्यात एका प्रकल्पाचं नेटवर्क वारंवार दुपारी जायचं. सकाळी ऊन, संध्याकाळी ऊन, मध्ये चार तास काळेकुट्ट ढग. माझ्या प्रोग्रामने तिथे लख्ख ऊन काढून ठेवलं. एवढं ऊन असून वीज इतकी कमी कशी, म्हणून तिथल्या तंत्रज्ञाला देखभालीत हयगय केल्याबद्दल दोन महिने बोलणी खावी लागली. चूक माझी आहे हे कळलं त्या दिवशी मी त्याला फोन केला. तो एवढंच म्हणाला की मॅडम, मी रोज सांगत होतो, इथे ढग आहेत.

न आलेल्या वाचनांचं करतात काय, हे शिकायला म्हणून मी हवामानवाल्यांची पुस्तकं शोधू लागले आणि अ‍ॅना मणींच्या १९८० च्या 'हँडबुक फॉर सोलर रेडिएशन डेटा फॉर इंडिया' या ग्रंथापाशी पोहोचले. पानोपानी तक्ते. माझ्यासारखीला ते कादंबरीसारखं वाचवलं. लेखिका कोण म्हणून पाहिलं, तर पुणे!

पुढचं थोडक्यात सांगते. वातावरणातला ओझोन मोजायला फुग्याला बांधून वर सोडायचं उपकरण, ओझोनसाँड, त्यांच्या विभागाने देशात तयार केलं. विक्रम साराभाईंच्या सांगण्यावरून थुंबा येथे वेधशाळा आणि उपकरणांचा मनोरा त्यांनी उभारला. रॉकेट सोडायचं तर आधी जमिनीलगतचा वारा कुठे आणि किती ते कळायला हवं ना. तिथून पहिलं रॉकेट २१ नोव्हेंबर १९६३ ला गेलं. १९६९ मध्ये त्या दिल्लीला गेल्या आणि १९७६ मध्ये उपमहासंचालक पदावरून निवृत्त झाल्या. त्यानंतर बंगळुरूला राहून त्यांनी वाऱ्याच्या मोजणीचं काम हाती घेतलं. पवनचक्की कुठे लावायची हे ठरवताना आज जे नकाशे काढतात, त्यांच्या मुळाशी ती मोजणी आहे. लग्न त्यांनी केलं नाही. १९९४ मध्ये अर्धांगाचा झटका आला आणि १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरममध्ये त्या गेल्या. तेव्हा ती बातमी मी वाचलीही नव्हती.

बाई, आता तुमच्यासाठी. आठवीत तुम्ही शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक ठेवला होता आणि जुलै महिन्याची वही माझ्याकडे दिली होती. रोजची नोंद, रविवारीसुद्धा. तुम्ही ती वही वर्गात सगळ्यांना दाखवलीत, एकही दिवस रिकामा नाही म्हणून. बाई, रविवारी मी शाळेत आलेच नव्हते. शनिवार आणि सोमवारचे आकडे पाहून मधला आकडा मी घरी बसून लिहीत होते. ती वही अजून तुमच्याकडे असेल तर गेट-टुगेदरला घेऊन या. ते सगळे रविवार मला खोडायचे आहेत.