शौकिनांची सायकल आणि शेतकऱ्याचा नांगर

वरसे (ता. रोहा) : संगणकाच्या बाजारात सध्या एक प्रश्न वारंवार चर्चिला जातो. नव्याने वाढू लागलेल्या संगणक उत्पादकाने खेळासाठी संगणक घेणाऱ्या गेमर ग्राहकाकडे वळावे, की कार्यालये, शाळा आणि घरगुती हिशेब यांसाठी लागणाऱ्या साध्या यंत्रांवरच लक्ष केंद्रित करावे? गेमर संख्येने कमी असतो. पण त्याला वेगवान ग्राफिक्स कार्ड, उत्तम पडदा आणि यंत्र तापू न देणारी यंत्रणा हवी असते आणि त्यासाठी तो दुप्पट-तिप्पट किंमत मोजतो. उलटपक्षी, साधा ग्राहक संख्येने मोठा असतो, मात्र तो शंभर-दोनशे रुपयांसाठी घासाघीस करतो आणि जुने यंत्र बंद पडेपर्यंत नवे घेत नाही. धाटावच्या औद्योगिक वसाहतीमुळे कारखानदारीशी परिचित झालेल्या रोहा परिसरातील सुटे भाग जोडून संगणक तयार करून देणाऱ्या लहान व्यावसायिकासमोरही हा पेच वेगळ्या प्रमाणात असतोच.

हा पेच संगणकाने जन्माला घातलेला नाही. शतकाहून अधिक काळापूर्वी बेळगावात एका मराठी उद्योजकापुढे तो जवळजवळ याच स्वरूपात उभा ठाकला होता. त्यांचे नाव लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर. त्यांच्या हाती एकीकडे सायकल होती आणि दुसरीकडे नांगर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. वडील काशिनाथपंत वेदान्ताकडे झुकलेले होते आणि मुलांनी परंपरेने चालत आलेला मार्ग सोडू नये, अशी त्यांची अपेक्षा होती. लक्ष्मणरावांचे मन मात्र शाळेच्या अभ्यासात रमत नसे. चित्रकला आणि यंत्रे या दोन गोष्टींनी त्यांना झपाटले होते. थोरले बंधू रामचंद्र ऊर्फ रामूअण्णा यांनी पैशाची जबाबदारी उचलली आणि १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात दाखल झाले.

तेथे दोन वर्षांतच त्यांच्या वाट्याला मोठी निराशा आली. काही रंगांतील भेद आपल्या डोळ्यांना ओळखता येत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले आणि चित्रकार होण्याचे स्वप्न संपुष्टात आले. परंतु रेषेला रंग लागत नाही. त्यांनी यांत्रिक आरेखनाचा अभ्यास सुरू ठेवला आणि त्याच बळावर मुंबईतील व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत त्यांना सहायक शिक्षकाची जागा मिळाली. वर्गातील काम संपले की ते संस्थेच्या कर्मशाळेत जात आणि यंत्रे खोलून, पुन्हा जोडून पाहत. परदेशांतील यंत्रविषयक नियतकालिके वाचण्याचा छंदही त्यांना होता.

सायकल त्यांच्या नजरेस पडली ती याच मुंबईत. दोन सारख्या चाकांची आणि साखळीने चालणारी सायकल इंग्लंडमध्ये १८८५ च्या सुमारास बाजारात आली होती. हवेच्या धावा, म्हणजे टायर, डनलॉपने १८८८ मध्ये आणले. हिंदुस्थानात हे वाहन म्हणजे नवलाईच होती. त्यातील व्यवसायाची संधी लक्ष्मणरावांनी ओळखली. बेळगावात रामूअण्णांच्या साथीने सायकलविक्री आणि दुरुस्ती सुरू झाली. किर्लोस्कर बंधू या नावाचा आरंभ १८८८ चा मानला जातो तो या दुकानापासून.

त्या काळी एका सायकलची किंमत सातशे ते हजार रुपये पडत असे. एखाद्या कारकुनाने कित्येक महिने पोटाला चिमटा घेतला, तरी एवढी रक्कम साठणे कठीण. साहजिकच गिऱ्हाईक म्हणजे सरकारी अधिकारी, सरदार, वकील आणि हौशी धनिक. सायकल विकून काम संपत नसे. ती चालवायलाही शिकवावी लागे आणि त्या शिकवणीचे पंधरा रुपये वेगळे आकारले जात. आजच्या भाषेत सांगायचे तर हा शौकीन ग्राहकांचा बाजार होता. ग्राहक थोडे, नफा चांगला, नव्या वस्तूचे आकर्षण मोठे आणि विक्रीनंतरची सेवाही पैसे मिळवून देणारी.

मुंबईच्या नोकरीत मात्र लक्ष्मणरावांना लवकरच आपली जागा दाखवून देण्यात आली. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थाची निवड झाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले. संसार होता, पगार गेला होता आणि हाती सायकलचे दुकान होते. अशा माणसाने तेच दुकान वाढवून आणखी दोन गावांत शाखा काढल्या असत्या, तर त्याला कोणीही दोष दिला नसता.

त्यांनी वेगळा मार्ग धरला. सायकलच्या दुकानाला एक मोठी मर्यादा होती. सायकल तयार होत असे परदेशात; बेळगावात ती केवळ विकली जाई. तिची किंमत, तिच्यातील सुधारणा, तिचा पुरवठा यांपैकी काहीही दुकानदाराच्या हाती नव्हते. लक्ष्मणरावांना तर यंत्र घडवायचे होते आणि ते घडवायचे तर भोवतालच्या मुलखाला कोणते यंत्र लागते, हे पाहणे भाग होते. हा मुलूख शेतकऱ्यांचा होता.

पहिल्या प्रयत्नांत कडबा कापण्याचे यंत्र होते. ज्वारीचा आखा कडबा जनावरांपुढे टाकला, तर पाने खाल्ली जातात आणि ताटे पायदळी वाया जातात. तोच बारीक कापून घातला की नासाडी कमी होते. दुष्काळ पाचवीला पुजलेल्या प्रदेशात ही बचत लहान नव्हती. त्यानंतर १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार झाला. दख्खनच्या काळ्या जमिनीत लाकडी नांगर वरवर फिरतो. खोल गेलेली हरळी उपटून काढायची, तर जड आणि माती उलथवून टाकणारा लोखंडी नांगरच हवा. असे नांगर विलायतेतून येत असत. ते येथे तयार करण्याचा लक्ष्मणरावांचा निश्चय होता.

नांगर तयार झाला, पण गिऱ्हाईक मिळेना. लोखंडामुळे जमिनीला विष बाधते, अशी समजूत अनेक शेतकऱ्यांच्या मनात घट्ट बसलेली होती. वाडवडिलांचा लाकडी नांगर गावच्या सुताराकडून बलुत्यावर मिळत असताना रोख पैसे मोजून हे धूड घरी का आणावे, हा प्रश्नही अडाणीपणाचा म्हणता येणार नाही. पहिला नांगर विकला जाण्यास तब्बल दोन वर्षे लागली. या दोन वर्षांत कारखान्यात काम करणाऱ्यांची पोटे होती, कर्ज होते आणि ग्राहकांच्या मागणीचा भरवसा नव्हता. एका सायकलमागे सातशे रुपये मोजणारा हौशी गिऱ्हाईक आणि दोन वर्षे नांगराकडे साशंक नजरेने पाहणारा शेतकरी, या दोघांत लक्ष्मणरावांनी दुसऱ्याची निवड केली. त्यांच्या आयुष्यातील खरा निर्णय हाच होय.

या निवडीमागे एक तत्त्व होते. अवजार हे ज्या जमिनीत, ज्या बैलांनी आणि ज्या माणसांनी चालवायचे, त्यांच्या मापाचे असले पाहिजे, असे लक्ष्मणराव मानीत. हे तत्त्व कोकणातल्या वाचकाला अधिक चटकन उमगेल. रोह्याच्या परिसरात चिखलणी केलेल्या लहान भातखाचरात देशावरचा जड नांगर उपयोगाचा नाही. तेथे हलका नांगरच चालतो. एका प्रदेशाला उत्तम असलेले यंत्र दुसऱ्या प्रदेशाला निरुपयोगी ठरू शकते. म्हणूनच ग्राहक कोण, हे ठरवल्याशिवाय यंत्र चांगले की वाईट, हे ठरत नाही.

नांगराला मागणी येऊ लागली तोच दुसरे संकट उभे राहिले. बेळगावच्या नगरपालिकेने शहराच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती आणि लक्ष्मणरावांचे स्नेही बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. औंधच्या यमाई देवीच्या मंदिराजवळ सभामंडप बांधण्याचे काम त्यांनी लक्ष्मणरावांकडे सोपवले आणि पुढे कारखान्यासाठी आपल्या संस्थानात जागा देऊ केली. कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळचा बत्तीस एकरांचा माळ आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज एवढ्या भांडवलावर १९१० च्या मार्च महिन्यात नव्या वस्तीचा आरंभ झाला. माळावर निवडुंग माजला होता आणि सापांचा सुळसुळाट होता. मोजक्या सहकाऱ्यांनी कुटुंबांसह तेथे मुक्काम ठोकला. रामूअण्णांनी वसाहतीची व्यवस्था पाहिली, शंभोराव जांभेकरांनी यंत्रांची बाजू सांभाळली. या वस्तीला किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले आणि पुढे रेल्वे स्थानकही त्याच नावाने ओळखले जाऊ लागले.

येथे लक्ष्मणरावांनी केवळ कारखाना उभारला नाही. वस्तीत अस्पृश्यता पाळली जाणार नाही, हा दंडक त्यांनी घातला. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रपाळीचे पहारेकरी नेमण्याचे धाडसही त्यांनी केले. ज्या शेतकऱ्याला बाजाराने बेभरवशाचे गिऱ्हाईक मानले आणि ज्या माणसाला समाजाने बेभरवशाचा नोकर मानले, त्या दोघांवरही त्यांनी विश्वास टाकला, हा योगायोग नसावा.

पहिल्या महायुद्धात विलायती नांगरांची आयात रोडावली आणि किर्लोस्कर नांगराची मागणी वाढली. त्याच वेळी लोखंड आणि कोळसा यांची टंचाई झाली. या अडचणीत कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यांवरील निकामी तोफा वितळवून नांगर करण्यासाठी दिल्या. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्कर खबर हे नियतकालिक सुरू केले. कारखान्याच्या मालाची माहिती ग्राहकांपर्यंत पोहोचवणारे हे पत्र पुढे मराठीतील एक प्रतिष्ठित मासिक झाले. कारखान्यातून उसाचे चरक, पंप, लेथ आणि पोलादी फर्निचर बाहेर पडू लागले. अमेरिकेत शिक्षण घेऊन आलेले पुत्र शंतनुराव यांनी हा व्याप पुढे पुण्यापर्यंत नेला आणि १९४६ मध्ये तेथे तेल इंजिनांची कंपनी स्थापन झाली.

१९४८ मध्ये गांधीहत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळण्यात आला. उतारवयात हे पाहणे लक्ष्मणरावांच्या नशिबी आले. कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

या चरित्रातून संगणक उत्पादकाने गेमरकडे पाठ फिरवावी, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. इतिहासात उलट दाखलाही आहे. १९९३ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या एनव्हिडिया कंपनीने संगणकीय खेळांतील चित्रे वेगाने रेखाटणाऱ्या चिप्सवर आपला व्यवसाय उभारला. गेमरची भूक कधीच भागत नसल्याने त्या चिप्स दरवर्षी अधिक शक्तिशाली होत गेल्या. २०१२ मध्ये टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी चित्रे ओळखणारी संगणकप्रणाली तयार केली, ती खेळासाठीच विकल्या जाणाऱ्या दोन ग्राफिक्स कार्डांवर. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेची घोडदौड तेथून वेगाने सुरू झाली. खेळाडूंचे लाड पुरवणे म्हणजे पैशांची उधळपट्टी, असे ठामपणे सांगणाऱ्यांना हा दाखला विसरता येणार नाही.

मात्र एनव्हिडियाची चिप आणि बेळगावची सायकल यांत एक फरक आहे. चिपची रचना त्या कंपनीची स्वतःची होती. ग्राहकाची प्रत्येक तक्रार तिला पुढचे यंत्र अधिक चांगले करण्यास भाग पाडत होती. सायकलच्या शौकिनाने कितीही तक्रार केली, तरी बेळगावात तिची रचना बदलता येत नव्हती. नांगराच्या बाबतीत ती बदलता येत होती. गेमर हवा की साधा ग्राहक, या प्रश्नाआधी उत्पादकाने स्वतःला विचारावयाचा प्रश्न हा आहे. आपण या ग्राहकासाठी काही घडवणार आहोत, की दुसऱ्याने घडवलेल्या वस्तूवर रंगीबेरंगी दिवे लावून ती विकणार आहोत?

दुसऱ्याची वस्तू विकण्यातही काही गैर नाही. सायकलच्या दुकानानेच किर्लोस्कर बंधूंना व्यवसायाचे पहिले धडे दिले, गिऱ्हाईक ओळखायला शिकवले आणि नोकरी सोडून आलेल्या लक्ष्मणरावांना पाय टेकवायला जागा दिली. शौकीन ग्राहकाचा पैसा हा वाढत्या उद्योगाला आधार देऊ शकतो. लक्ष्मणरावांनी तो आधार घेतला, पण त्यालाच मुक्कामाचे ठिकाण मानले नाही. ज्या दिवशी त्यांनी नांगराचा पहिला आराखडा काढला, त्या दिवशी त्यांच्याकडे ग्राहक एकही नव्हता. पण तो ग्राहक कोणत्या मातीत उभा आहे आणि त्याला कशाची गरज आहे, हे मात्र त्यांना पक्के ठाऊक होते.