कुंडीतला ऊस आणि जानकी अम्माळ



संक्रांतीच्या सुगडासाठी इथल्या देशी दुकानातून आणलेल्या उसाचं एक टिपरं मी यंदा कुंडीत लावलं. दोन डोळ्यांचं, आडवं, डोळे बाजूला राहतील असं. वर दोन बोटं माती आणि कुंडी रेडिएटरजवळच्या खिडकीत. या थंडीत कुजणार, असं घरात सगळ्यांचं मत. कोंब आलाय!

बेण्यातून येतो तो मात्र मूळ उसासारखाच. नवी जात हवी तर उसाला तुरा यावा लागतो, संकर करून बी धरावं लागतं. हे काम कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत चालतं. गावाकडच्या को ७४०, को ८६०३२ मधला ‘को’ तिथलाच. त्याच संस्थेत १९३४ ते १९३९ जानकी अम्माळ होत्या.

जन्म १८९७, केरळातल्या तेल्लिचेरीचा. मद्रासला शिकल्या, शिष्यवृत्तीवर अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात गेल्या आणि १९३१ साली वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट घेतली. लग्न केलं नाही. कोइमतूरला त्यांनी उसाचा संकर चक्क मक्याशी केला. त्यावरचा लेख १९३८ साली ‘नेचर’मध्ये आला. पण एकटी बाई, त्यात खालची मानलेली जात. तिथे त्यांना बराच त्रास झाला, असं चरित्रकार सांगतात.

१९३९ साली त्या परिषदेसाठी एडिंबरोला आल्या आणि महायुद्ध पेटलं. राहिल्या त्या इथेच. आधी लंडनच्या जॉन इन्स संस्थेत, मग सरेमधल्या विस्लीच्या बागेत. डार्लिंग्टन यांच्याबरोबर त्यांनी लागवडीखालच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा मोठा ग्रंथ १९४५ साली काढला. ऊस भारतात राहिला, पण गुणसूत्रं मोजणं सुटलं नाही.

मग नेहरूंनी बोलावलं. बारा-एक वर्षं परदेशात काढलेली, पन्नाशी ओलांडलेली, इथे मानाची नोकरी असलेली बाई. परत जावं का, हा प्रश्न आपल्या घरांतही दर दिवाळीला निघतो आणि फराळाबरोबर संपतो. त्या १९५१ च्या सुमारास गेल्या. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेची नव्याने घडी बसवायचं काम अंगावर घेतलं. ऐंशीच्या घरात असताना सायलेंट व्हॅलीचं जंगल बुडवणाऱ्या धरणाला विरोध केला. १९७७ साली पद्मश्री, १९८४ साली निधन.

विस्लीत त्यांनी मॅग्नोलियाच्या रोपांवर कॉल्चिसिन वापरून प्रयोग केले होते. त्यातल्या एका पांढऱ्या फुलाच्या जातीला त्यांचंच नाव आहे. लंडनहून गाडीने तासाभराचा रस्ता; मार्चअखेरीस बहर असतो.