डॉ. ल्यूसी विल्स

मानवजातीवर ज्यांचे ऋण आहे अशा संशोधकांत डॉ. ल्यूसी विल्स यांची गणना केली पाहिजे. त्या जन्माने इंग्रज. परंतु त्यांच्या हातून घडलेल्या मोठ्या कार्याचा आरंभ मुंबईत झाला, आणि तोही गिरणगावातील दरिद्री मातांच्या सेवेतून. म्हणून त्यांचे चरित्र आम्हांस परके वाटत नाही.

विल्सबाईंचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळील सटन कोल्डफील्ड येथे झाला. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र यांचा अभ्यास १९११ साली पुरा केला. परीक्षा उत्तीर्ण झाल्या तरी पदवी मात्र मिळाली नाही, कारण त्या काळी ते विद्यापीठ स्त्रियांस पदवी देत नसे. पुढे पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्या दक्षिण आफ्रिकेत होत्या. तेथे केपटाऊनमध्ये त्यांनी स्वयंसेविका म्हणून शुश्रूषेचे काम केले. मायदेशी परतल्यावर लंडन येथील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला आणि १९२० साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्या डॉक्टर झाल्या. रोग्यांस तपासण्यापेक्षा रोगाचे मूळ शोधण्याकडे त्यांचा ओढा होता.

१९२८ साली त्या मुंबईस आल्या. डॉ. मार्गारेट बालफोर या बाळंतपणात होणाऱ्या मातांच्या मृत्यूंची चौकशी त्या वेळी करीत होत्या. गर्भवती स्त्रियांस, विशेषतः कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरीब स्त्रियांस, एक प्रकारचा उग्र पांडुरोग होई. रक्तातील तांबड्या पेशी संख्येने घटत आणि आकाराने फुगत. अनेक माता त्यात दगावत. विल्सबाईंनी परळच्या हाफकिन संस्थेत या रोगाचा माग काढण्यास आरंभ केला. प्रथम जंतूंचा संशय होता. पण तपासण्या करूनही कारणीभूत असा जंतू सापडेना. तेव्हा त्यांनी आपले लक्ष या स्त्रियांच्या जेवणाकडे वळविले. ज्यांच्या आहारात भाजीपाला, फळे व सकस अन्न कमी, त्यांच्यातच हा रोग अधिक, असे त्यांस आढळले.

मग त्यांनी तसाच निकृष्ट आहार उंदरांना देऊन पाहिला. उंदीर रोगी झाले व यीस्ट दिल्यावर सुधारले. परंतु उंदरांच्या अंगावरील उवांतून पसरणाऱ्या एका संसर्गाने त्या प्रयोगात घोटाळा केला होता, हे पुढे लक्षात आले. बाईंनी हार मानली नाही. त्यांनी माकडांवर पुन्हा प्रयोग केले आणि यीस्टचा गुण सिद्ध केला. मुंबई, कुन्नूर व मद्रास अशा तीन ठिकाणी हे काम चालले. अखेर मार्माइट नावाचा यीस्टचा स्वस्त अर्क रुग्ण स्त्रियांस देताच त्यांचे रक्त सुधारू लागले. ही वार्ता त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केली. यीस्टमधील तो गुणकारी पदार्थ कोणता, हे तेव्हा ठाऊक नव्हते; लोक त्यास विल्स घटक म्हणू लागले. १९४१ साली पालकाच्या पानांतून एक पदार्थ वेगळा करण्यात आला व पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास फॉलिक आम्ल असे नाव पडले. भीमावरम येथे जन्मलेले आपले थोर रसायनज्ञ डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली १९४५ साली अमेरिकेत ते कृत्रिम रीतीने तयार झाले. विल्स घटक तो हाच होता.

निवृत्तीनंतरही बाई स्वस्थ बसल्या नाहीत. जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका येथे जाऊन त्यांनी आहार व पांडुरोग यांचा अभ्यास केला. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे देहावसान झाले.

परंतु त्यांच्या शोधाची कथा तेथे संपली नाही. आपण खातो त्या प्रथिनांपासून शरीरात होमोसिस्टीन नावाचा एक पदार्थ सतत उत्पन्न होत असतो. फॉलिक आम्ल व ब १२ ही जीवनसत्त्वे मिळून त्याचे पुन्हा उपयुक्त द्रव्यात रूपांतर करितात. ब ६ जीवनसत्त्व त्याची दुसऱ्या वाटेने विल्हेवाट लाविते. ही जीवनसत्त्वे कमी पडली की होमोसिस्टीन रक्तात साचते. अशा माणसांत पक्षाघात व स्मृतिभ्रंश अधिक आढळतात. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील १०९२ वृद्धांच्या पाहणीत (२००२) ज्यांचे होमोसिस्टीन वाढलेले होते, त्यांस स्मृतिभ्रंशाचा धोका जवळजवळ दुप्पट दिसला. ऑक्सफर्ड येथे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, स्मृती किंचित मंदावलेल्या वृद्धांस ही तिन्ही जीवनसत्त्वे दोन वर्षे दिली असता त्यांच्या मेंदूचे आकुंचन सुमारे तीस टक्क्यांनी मंदावले. मात्र सुमारे २२ हजार लोकांवरील चाचण्यांच्या २०१४ च्या आढाव्यात बुद्धीचा ऱ्हास थांबल्याचे दिसले नाही. तेव्हा ज्यांस या जीवनसत्त्वांची उणीव आहे त्यांची उणीव भरून काढणे हिताचे. सर्वांनीच गोळ्या घ्याव्यात असे म्हणण्यास आधार नाही. शिवाय ब १२ ची उणीव असताना नुसते फॉलिक आम्ल घेतल्यास रक्त सुधारलेले दिसते आणि मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते. म्हणून वैद्याच्या सल्ल्यावाचून काही करू नये.

आमचा बीदर-कलबुर्गीचा मुलूख तुरीचा. तूर, हरभरा, मूग ही कडधान्ये आणि मेथी, पालक यांसारख्या पालेभाज्या यांत हे पानांतले सत्त्व भरपूर आहे. भाजी फार वेळ शिजविली व पाणी ओतून दिले की ते पुष्कळसे वाया जाते. ब १२ मात्र वनस्पतींत मिळत नाही. ते दूध, दही, अंडी, मासे व मांस यांतून मिळते. जी घरे शाकाहारी आहेत आणि जेथे दूधदुभते बेताचे आहे, तेथील वृद्धांकडे आपण अधिक लक्ष पुरविले पाहिजे. आजोबा नाव विसरले, आजीच्या पायांस मुंग्या आल्या, की ते वयोमानच असे समजून आपण स्वस्थ बसतो. कधी ते वयोमान असते. कधी ती ताटातील उणीव असते, आणि वेळीच तपासणी केली तर ती भरून काढता येते.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, ज्या विद्यापीठाने पदवी नाकारिली त्याबद्दल कुढत न बसता विल्सबाई दूरदेशीच्या गरीब मातांच्या ताटाजवळ जाऊन बसल्या. पहिला तर्क चुकला, पहिला प्रयोग फसला, तरी त्यांनी शोध सोडला नाही. आपणही आज घरी जेवावयास बसताना आजीच्या ताटाकडे एकवार पाहावे. त्यांचे स्मरण करण्याचा याहून चांगला मार्ग आम्हांस दिसत नाही.