भास्कराचार्य : मोर-सापाच्या कोड्यातून गणित शिकवणारा माणूस

दौलताबादच्या किल्ल्यावर गेलात की यादव, खिलजी, तुघलक सगळ्यांच्या गोष्टी ऐकायला मिळतात. पण याच देवगिरीच्या दरबारात भास्कराचार्यांचा मुलगा आणि नातू होते, हे सहसा कुणी सांगत नाही.

भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा. गाव सह्याद्रीजवळचं विज्जलविड. ते नेमकं कुठलं, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. गणित शिकवलं वडिलांनी, महेश्वरांनी. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिला. त्यातला अंकगणिताचा भाग म्हणजे ‘लीलावती’.

लीलावती म्हटलं की घटिकापात्रात मोती पडून मुलीचं लग्न हुकल्याची गोष्ट आठवते. ती पसरली फैजीच्या १५८७ च्या फारसी भाषांतरातून, म्हणजे चारशे वर्षांनी. खरी गंमत पुस्तकातल्या उदाहरणांत आहे.

हेच बघा. नऊ हात उंच खांबावर मोर बसलाय. खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ. सत्तावीस हातांवरून साप बिळाकडे येतोय. मोराने तिरकी झेप घेतली आणि दोघांनी सारखंच अंतर कापलं. मग गाठ बिळापासून किती हातांवर पडली? कागदावर चित्र काढा, काटकोन त्रिकोण आपोआप दिसतो. उत्तर बारा हात.

आज शाब्दिक उदाहरण आलं की मुलांच्या पोटात गोळा येतो. आधी चित्र काढा, मग आकडे मांडा, असं शिक्षणतज्ज्ञ सांगतात. भास्कराचार्यांची उदाहरणं तर चित्र घेऊनच येतात. पाठ करायला श्लोकात नियम, लगेच वापरायला मोर, भुंगे, हंस. पुढे ग्रह आणि गोलाच्या भागांवर त्यांनी स्वतःच ‘वासनाभाष्य’ लिहून नियमांमागचं कारणही समजावलं.

त्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपालाने दरबारी नेलं. नातू चांगदेव सिंघण राजाचा ज्योतिषी झाला. (वाघावर बसून ज्ञानेश्वरांना भेटायला गेलेले चांगदेव वेगळे!) या नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, चाळीसगावजवळच्या पाटण्याला. तिथून पितळखोऱ्याची लेणी जवळच. १२०७ मध्ये मठाला दान मिळालं, त्याचा शिलालेख भाऊ दाजींनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. लेख संस्कृतात आहे, पण शेवटी व्यवहाराची गोष्ट आली तशी भाषा मराठी होते. गणित शिकवणाऱ्या या मठाला दर घाण्यामागे पळीभर तेल द्यायचं, असं त्यात नोंदवलंय.