रेरीचा पट्टा आणि घोड्याचा पाय

नाल ठोकताना खिळा घोड्याला दुखत नाही. खुराची बाहेरची भिंत आपल्या नखासारखी निर्जीव, आणि कसबी नालबंद खिळा तिच्यातूनच नेतो. घोडा बिथरतो तो दुसऱ्याच कारणाने. संकट आले की पळायचे, एवढेच ज्याला ठाऊक, त्याचा एक पाय कुणीतरी उचलून घट्ट धरून ठेवतो. एकोणिसाव्या शतकात अशा घोड्यावरचे उपाय ठरलेले होते. वरच्या ओठाला दोरीचा फास घालून पिळायचा, चौघांनी दाबून धरायचे, नाहीतर चाबूक. घोडा द्वाड नसतो, तो भ्यालेला असतो, हे त्या काळात सर्वांसमोर करून दाखवले जॉन सॉलोमन रेरीने.

रेरी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला. १८२७ साली ग्रोव्हपोर्ट या गावी जन्मला. उमेदीच्या वयात घोडे वठणीवर आणून देण्याचा धंदा त्याने सुरू केला आणि १८५६ साली आपली पद्धत एका छोट्या पुस्तिकेत छापलीही. पुढच्याच वर्षी तो इंग्लंडला गेला. १८५८च्या आरंभी व्हिक्टोरिया राणीसमोर त्याचे प्रयोग झाले आणि लंडनच्या बड्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. माणशी दहा गिनी फी, शिवाय गुप्तता पाळण्याची लेखी हमी! आयुष्य करारनामे वाचण्यात गेलेल्या माझ्यासारख्याला या हमीची मोठी गंमत वाटते. कारण त्याच वर्षी एका प्रकाशकाने ती जुनी अमेरिकन पुस्तिका स्वस्तात बाजारात आणली. गुपित काही पेन्सांवर आले. तरी लोक येतच राहिले. वाचून कळणे वेगळे आणि हाताला साधणे वेगळे.

खरी कसोटी लागली ती क्रूझरपाशी. लॉर्ड डॉर्चेस्टर यांचा हा वळू घोडा इतका खुनशी, की तोंडाला लोखंडी मुसके. जवळजवळ तीन वर्षे पाठीवर कुणी बसलेले नाही. रेरी तीनएक तासांनी त्याच्यावर स्वार होऊन बाहेर आला.

त्याचे साधन म्हणजे कातड्याचा एक पट्टा. आधी घोड्याला आपला वास घेऊ द्यायचा, प्रत्येक नवी वस्तू नाकाने तपासू द्यायची. मग पुढचा एक पाय गुडघ्यात दुमडून पट्ट्याने बांधायचा. तीन पायांवर घोडा फार काळ झुंजू शकत नाही. दुसरा पायही पट्ट्याने वर ओढला, की तो गुडघ्यांवर येतो, धडपडतो, अखेर दमून आडवा होतो. तेव्हा रेरी त्याच्याशेजारी बसे, अंगावरून, पायांवरून हात फिरवी, आणि प्रेक्षकांचा श्वास रोखला असताना त्याच्या मागच्या खुरांमध्ये आपले डोके ठेवी. पाय माणसाच्या हाती गेला तरी काही वाईट होत नाही, हे घोड्याने शिकायचे. नालबंदाला नेमके हेच हवे असते.

आपल्याकडे बैलाला पत्री मारताना दोर लावून पाडतात. कर्जावर घेतलेल्या बैलजोड्यांची पाहणी करायला गेलो असता मी ते पाहिले आहे. पत्री मारून झाली की बैल उठतो, कुणी त्याच्याशेजारी बसत नाही. रेरीचे वेगळेपण त्या बसण्यात होते. पण निमूट पडलेला घोडा खरेच निर्भय झालेला असतो, की त्याने फक्त हात टेकलेले असतात? मला वाटते, पुष्कळदा दुसरेच. आज घोड्यांचे जाणकारही पाडण्याच्या या प्रकाराकडे संशयानेच पाहतात.

आणखी एक गोष्ट या पट्ट्याच्या कक्षेत येत नाही. म्हाताऱ्या किंवा सांधे धरलेल्या घोड्याला भीती नसते, त्याला खरोखर दुखते. मागचा पाय उंच ओढला की ठणका लागतो, आणि उरलेल्या तीन पायांवर भार सहन होत नाही. असा घोडा पाय हिसकतो तो खोडीने नव्हे. जाणता नालबंद अशा वेळी पाय बेताचाच उचलतो, बाजूला न ओढता अंगाखालीच धरतो, मिनिटा-दोन मिनिटांनी खाली टेकू देतो, पुन्हा घेतो. एका बैठकीत चारही नाल उरकायचा हट्ट धरत नाही. पशुवैद्याला विचारून आधी वेदनाशामकही देता येते. भ्यालेल्या घोड्यापाशी रेरीचा धीर उपयोगी पडतो. दुखऱ्यापाशी आधी दुखणे शोधावे लागते.

पॅरिस, रशिया असा युरोप पालथा घालून रेरी मायदेशी परतला. येताना क्रूझरला घेऊन आला. १८६६ साली क्लीव्हलंड येथे तो वारला, तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. क्रूझर त्यानंतर १८७५ पर्यंत जगला.