हिरवा चारा हिवाळ्यासाठी राखणारा शास्त्रज्ञ : आर्तुरी विर्तानेन



पावसाळ्यात बांधावर चारा मावत नाही आणि फाल्गुन-चैत्र आला की गव्हाणीत वाळल्या कडब्याशिवाय काही उरत नाही, हे आपलं दर सालचं रडगाणं. दूध उतरतं, पेंडीचं पोतं उधारीवर येतं आणि डेअरीचा दहा दिवसांचा हप्ता पेंडीच्या बिलातच जिरतो. याच प्रश्नाच्या मागे एका माणसाने आपले सारे आयुष्य लावले. तो मात्र आपल्या मुलखातला नव्हे, तर युरोपच्या पार उत्तरेकडील फिनलंड देशाचा. आपल्याकडे उन्हाळा जनावराला छळतो, तिथे हिवाळा. वर्षातला निम्म्याहून जास्त काळ गाई गोठ्यातच बांधलेल्या असतात. उन्हाळ्यातले हिरवे गवत तेवढा काळ टिकवायचे कसे, हा तिथल्या गोपालकांचा जुना प्रश्न.

दूध संघाच्या प्रयोगशाळेत

आर्तुरी इल्मारी विर्तानेन यांचा जन्म १५ जानेवारी १८९५ रोजी हेलसिंकी येथे झाला. शाळा विपुरी या गावी, पुढचे शिक्षण हेलसिंकी विद्यापीठात. १९१९ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि नंतर स्वित्झर्लंड, स्वीडन या देशांत जाऊन जीवरसायनशास्त्राचा अभ्यास केला. एवढा शिकलेला माणूस नोकरीला गेला कुठे, तर शेतकऱ्यांच्या सहकारी डेअऱ्यांच्या संघात. आपल्याकडच्या दूध संघासारखाच हा संघ. ‘वालिओ’ त्याचे नाव. १९०५ साली लोणी परदेशी विकण्यासाठी तो निघाला होता. १९२१ मध्ये विर्तानेन त्याच्या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले.

तिथे त्यांच्यापुढे आलेले प्रश्न पुस्तकातले नव्हते. लोणी खराब का होते? हिवाळ्यात दुधाचा कस का घटतो? लोण्याचा आंबटपणा आटोक्यात ठेवून ते टिकवणारा एक क्षार त्यांनी सुचवला आणि तो तिथे वापरात आला. पण दुधाचे दुखणे शोधता शोधता ते गोठ्यात आणि गोठ्यातून चाऱ्याच्या खड्ड्यात जाऊन पोचले. दोष भांड्यात कमी आणि गव्हाणीत जास्त, हे त्यांच्या ध्यानात आले.

चारा खड्ड्यात सडतो का?

तिथे हिरवा चारा खड्ड्यात दाबून ठेवण्याची रीत होती, पण पुष्कळदा तो बिघडायचा. घाण वास यायचा, जनावर तोंड लावायचे नाही, आणि चाऱ्यातली प्रथिने कुजून वाया जायची. ही तूट भरून काढायला बाहेरून पेंड विकत आणावी लागे. विर्तानेन यांनी खड्ड्यात काय घडते ते मोजून पाहिले. कापलेला चारा लगेच मरत नाही. तो श्वास घेतो, स्वतःतली साखर जाळतो. मागून कुजवणारे जिवाणू प्रथिनांवर तुटून पडतात. पण खड्ड्यातला आंबटपणा पुरेसा वाढला, म्हणजे सामू ४ च्या खाली गेला, की ही सगळी नासाडी थांबते.

मग त्यांनी सरळ उपाय केला. हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक आम्ल पाण्यात पातळ करून ते चारा भरतानाच त्यावर शिंपडायचे. आपोआप आंबट होण्याची वाट बघायची नाही. १९२८ च्या सुमारास हे प्रयोग सुरू झाले आणि त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ही पद्धत ‘ए.आय.व्ही.’ म्हणून ओळखली जाऊ लागली. आम्ल टाकलेला चारा जनावराला घालायचा म्हटल्यावर कोणाच्याही मनात शंका येणारच. विर्तानेन यांनी गाईंची तब्येत, दूध, लोणी सारे तपासून दाखवले. चाऱ्यातली प्रथिने टिकली, शिवाय ‘अ’ जीवनसत्त्व ज्यापासून बनते ते कॅरोटीनही टिकले. म्हणजे हिवाळ्यातले दूधही कसदार झाले.

विर्तानेन केवळ कागदावर सांगणारे नव्हते. १९३३ मध्ये त्यांनी हेलसिंकीजवळ शेत घेतले आणि आपले संशोधन तिथे स्वतः करून पाहिले. द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र कसा धरतात, यावरही त्यांनी बरीच वर्षे काम केले. घरच्या शेतात द्विदल चारा पिकवा, तो नीट साठवा, म्हणजे बाहेरची पेंड आणि खत दोन्ही कमी लागेल, असा त्यांचा सरळ हिशोब होता. १९३९ पासून फिनलंड युद्धात होरपळला, तेव्हा या हिशोबाची किंमत देशाला कळली. १९४५ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि ते मुख्यतः चारा टिकवण्याच्या या पद्धतीसाठी. रसायनशास्त्राचे नोबेल मिळालेले ते फिनलंडचे एकमेव शास्त्रज्ञ आहेत.

पेंडीविना दूध

नोबेल मिळाल्यावर माणूस सहसा सत्कार घेत बसतो. विर्तानेन यांनी उतारवयात आणखी अवघड प्रश्न हाती घेतला. गाईला प्रथिने अजिबात दिलीच नाहीत तर? त्यांनी काही गाईंना शुद्ध स्टार्च, साखर, सेल्युलोज, क्षार, जीवनसत्त्वे आणि थोडे तेल दिले. प्रथिनाच्या जागी फक्त युरिया आणि अमोनियाचे क्षार. गाईंना हळूहळू सवय लावली. कोटीपोटातल्या सूक्ष्म जीवांनी या युरियापासूनच प्रथिने तयार केली आणि गाई त्यावर जगल्या, व्यायल्या, दूध देत राहिल्या. एका वेतात ४ हजार किलोहून जास्त दूध देणारी गायही त्यात निघाली. १९६६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे काम प्रसिद्ध झाले. ११ नोव्हेंबर १९७३ रोजी हेलसिंकी येथे त्यांचे निधन झाले.

या प्रयोगाचा अर्थ नीट समजून घ्या. गाईला युरिया चारावा, असा तो मुळीच नाही. तुम्ही आधी खाऊ घालता ते कोटीपोटातल्या जिवांना, गाईला नंतर मिळते. त्यांना नत्र आणि ऊर्जा एकाच वेळी मिळाली पाहिजे. नुसता नत्र वाढला तर त्याचा अमोनिया होऊन तो लघवीवाटे जातो आणि पेंडीचे पैसे गोठ्याच्या गटारात वाहतात. नुसता वाळला कडबा दिला तर जीव उपाशी राहतात आणि चारा नीट पचत नाही.

ढेकरातून जाणारा चारा

विर्तानेन यांनी हवामानासाठी काम केले नव्हते, त्या काळी तो विषयही नव्हता. पण आज त्यांच्याच वाटेने पुढे गेल्यावर एक गोष्ट दिसते. रवंथ करणारे जनावर ढेकरातून मिथेन वायू सोडते. चाऱ्यातल्या एकूण ऊर्जेपैकी साधारण २ ते १२ टक्के ऊर्जा यात जाते. हा वायू शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट उष्णता धरून ठेवतो. वातावरणाचे राहू द्या, तुमच्या खिशाचे बघा. गाय चार लिटर देवो की आठ लिटर, तिचे अंग जगवायला लागणारा चारा आणि त्यातून निघणारा वायू ठरलेलाच. आठ लिटर देणाऱ्या गाईचा एकूण वायू थोडा वाढतो, पण दर लिटरमागचा कमी होतो. म्हणजे चांगला, पचणारा, समतोल आहार दिला की दूध वाढते आणि लिटरमागे वायूही घटतो. दोन्हीचा उपाय एकच आहे.

आपण काय करायचे?

आम्ल शिंपडण्याच्या फंदात पडू नका. त्याची आपल्याला गरजही नाही. मक्यात साखर भरपूर असते, त्यामुळे हवाबंद ठेवला की तो आपोआप आंबतो. कणसातला दाणा चिकात असताना मका कापा, दोन सेंटिमीटरच्या आसपास कुट्टी करा, थर देऊन तुडवून हवा काढा आणि प्लास्टिकने गच्च झाका. दीड महिन्यात मुरघास तयार. लसूणघासासारख्या द्विदल चाऱ्यात साखर कमी, म्हणून तो एकटा मुरत नाही. त्यात मका किंवा थोडी मळी मिसळा. एका गाईला रोज १५ किलोप्रमाणे १०० दिवसांना दीड टन मुरघास लागतो. त्याला सुमारे तीन घनमीटर जागा पुरते.

वाळले काड असेल तर १०० किलोला ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडा आणि २१ दिवस झाकून ठेवा. युरिया पाण्यात टाकून किंवा आंबोणात मिसळून जनावराला कधीही देऊ नका, जनावर दगावते. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना हे काड घालू नका. पहिल्यांदा करताना पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या.

सरपंच आणि दूध संस्थेचे सचिव यांनाही एक विनंती. प्रत्येकाला कुट्टी यंत्र घेणे परवडत नाही. गावात एक सामायिक यंत्र असले आणि मका चिकात येईल त्या आठवड्यात ते पाळीपाळीने फिरले, तर चैत्रात उधारीची पोती नक्की कमी होतील. विर्तानेन यांचे कामही शेतकऱ्यांच्या सहकारी संघातूनच उभे राहिले होते. आपल्या संस्थेच्या येत्या सभेत हा विषय घ्या आणि मका पेरायच्या आधीच खड्ड्याची जागा ठरवा.