लीला राव

विम्बल्डन हे लंडनचे एक उपनगर. तेथील हिरवळीवर १८७७ साली सुरू झालेली टेनिसची स्पर्धा जगात सर्वांत मानाची मानली जाते. १९३४ साली या स्पर्धेत मुंबईच्या लीला राव यांनी एकेरीचा सामना जिंकला. असा विजय मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत.

लीला यांचा जन्म १९११ सालचा. वडील राघवेंद्र राव हे मुंबईतील नामांकित डॉक्टर आणि आई पंडिता क्षमाबाई राव या संस्कृतच्या विख्यात कवयित्री. क्षमाबाईंनी गांधीजींच्या लढ्यावर रचलेले ‘सत्याग्रहगीता’ हे काव्य १९३२ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाले. विशेष म्हणजे, काव्यरचना करणाऱ्या या विदुषी टेनिसही उत्तम खेळत. त्या काळी मुलींनी मैदानावर उतरणे अनेकांना रुचत नसे. लीलांना मात्र तो वारसा आईकडूनच लाभला. १९३१ साली त्यांनी अखिल भारतीय अजिंक्यपद पटकावले आणि पुढेही ते अनेकदा मिळवले.

विम्बल्डनला त्यांची गाठ ग्लॅडिस साउथवेल या खेळाडूशी पडली. पहिला सेट लीलांनी ४-६ असा गमावला. आणखी एक सेट गेला असता, तर सामनाच संपला असता. तेव्हा टायब्रेकरचा नियम नव्हता. दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत सेट चालूच राहत असे. पाच-पाच, सहा-सहा, सात-सात, आठ-आठ अशी बरोबरी होत गेली. अखेर लीलांनी तो सेट १०-८ असा खेचून आणला. तिसरा मात्र त्यांनी ६-२ असा सहज जिंकला. पुढच्या फेरीत फ्रान्सच्या इडा अदामॉफ यांनी त्यांना हरवले.

या विजयाबद्दल त्यांना एक पैही मिळाली नाही. १९६८ सालापूर्वी विम्बल्डनमध्ये केवळ हौशी खेळाडूंनाच प्रवेश असे व बक्षिसाची रक्कम नसे. साहजिकच हा खेळ सुस्थितीतील घरांनाच परवडे. गुणवत्ता असूनही किती मुली मैदानापर्यंत पोहोचू शकल्या नसतील!

पुढे लीलांचा विवाह हरीश्वर दयाळ या सनदी अधिकाऱ्यांशी झाला. ते नेपाळमध्ये भारताचे राजदूत होते. लीलांनी शास्त्रीय नृत्याचा अभ्यास करून त्यावर लेखन केले. आईच्या कथांवरून त्यांनी संस्कृत नाटकेही रचली. त्यांपैकी एकाचे नाव आहे ‘बालविधवा’.